रंगीला सांगू नको

९ जानेवारी

ताई,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार-चमत्कार लिहायची रीत आहे, पण आज हात वळत नाही. सरळ मुद्द्यावर येते. काल मी तुझं प्रदर्शन बघून आले.

तू बोलावलं नव्हतंस. आपल्या बाइंडिंगच्या कारखान्यात घड्या घालायला येतात ना, त्या बाईंनी वर्तमानपत्राचं कात्रण आणून दिलं. "तुझ्या बहिणीचा फोटो आलाय," म्हणाल्या. कात्रणात लिहिलं होतं की मरणाच्या दारातल्या बापाने थोरल्या लेकीला निरोप धाडायला सांगितलं, घरातल्यांनी तो दिलाच नाही, आणि त्या दुःखातून हे काम जन्माला आलं. घरातल्यांनी म्हणजे कोणी गं? घरात अण्णा आणि मी, दोघंच होतो.

म्हणून गेले. दालनाच्या मधोमध काचेच्या पेटीत अण्णांची वही होती. गळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला, तेव्हापासून आठ महिने ते ज्या वहीत लिहून माझ्याशी बोलले, ती. 'चहात साखर कमी.' 'दाबयंत्राचा स्क्रू सैल झालाय, बघ.' 'हसू नको चिकटे, मी खरंच सांगतोय.' त्यांचा आवाज म्हणून माझ्याकडे तेवढंच उरलं होतं. तू ती चार दिवस वाचायला म्हणून नेलीस. मी म्हटलं, तिचाही बाप आहे, नेऊ दे.

तू तिची पानं चार-चार एकत्र चिकटवलीस. त्यांवर पांढरं फासलंस. मधे चौकोनी खिडकी कापून तिच्यात अण्णांचा मेणाचा दोरा आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट बसवलंस. लोक याला कला म्हणतात, म्हणोत. पण जे पान उघडं ठेवलंस त्यावर पांढऱ्यातून दोनच शब्द दिसत होते: 'रंगीला सांग'. माणसं त्या दोन शब्दांपुढे थांबून डोळे पुसत होती. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "कसली माणसं असतात, मरणाऱ्याचा शब्दसुद्धा ठेवत नाहीत." मी तिच्या शेजारीच उभी होते.

त्या पानावर काय होतं ते मला पाठ आहे. अण्णांनी माझ्यासमोर लिहिलं आणि खाली दोनदा रेघ ओढली: 'रंगीला सांगू नको.' तू 'सांगू'चं शेपूट पुसलंस आणि 'नको' पांढऱ्याखाली गाडलंस. चार थेंब रंगात बापाला खोटं बोलायला लावलंस आणि मला चारचौघांत कसाई ठरवलंस.

वही परत कर. नाहीतर एक ध्यानात ठेव. मी तुझ्यासारखी नावाजलेली नाही, पण चिकटलेलं सोडवायचं आणि सुटलेलं चिकटवायचं, ही दोन्ही कामं मला तुझ्यापेक्षा बरी येतात.

— चिकटी


१७ जानेवारी

चिकटे,

तुझं पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्या वाचनात नुसती आगपाखडच दिसली.

आता माझं ऐक. त्या वहीची दोनशे बारा पानं मी अक्षर न् अक्षर वाचली. शेजारच्या मांजरीचा उल्लेख नऊ वेळा आहे. दाबयंत्राच्या स्क्रूवर तर अख्खं पुराण आहे. माझं नाव एकदाच, त्या एका ओळीत. आणि त्या ओळीत काय, तर रंगीला सांगू नको. असं का, ते मला कुणी सांगितलं नाही.

ते म्हणाले सांगू नको, आणि तू नाही सांगितलंस. काय गुणाची लेक! आठ महिने फोनवर मला ऐकवत राहिलीस की अण्णांचा घसा बसलाय, बोलवत नाही. मी वेड्यासारखी खोकल्याची औषधं पाठवत राहिले. मी पोचले तेव्हा खाट रिकामी होती आणि तू गादी उन्हात टाकली होतीस. ती गादी मी अजून विसरले नाही, मरेपर्यंत विसरणार नाही. तुझ्याकडे त्यांची दोनशे बारा पानं होती आणि माझ्या वाट्याला तो एक 'नको'. तेव्हा मी तो पुसला. मला जे ऐकायचं होतं ते त्यांच्याकडून वदवून घेतलं. बाप माझाही होता.

आणि वर्तमानपत्रात काय छापून आलं ते मी लिहिलेलं नाही. खोडलंही नाही, हे कबूल.

वही आत्ता मिळणार नाही. प्रदर्शन जूनपर्यंत फिरतं आहे.

आता एक काम, आणि ते सांगताना मला अवघडल्यासारखं होत नाही असं समजू नकोस. एका वाचनालयाच्या दर्शनी भिंतीसाठी मी बारा जुन्या, टाकून दिलेल्या पुस्तकांचं मोठं काम करते आहे. ते तिथे कायमचं राहणार आहे. बाजारातल्या डिंकाने पानं फुगतात, वाळली की पापडासारखी होतात आणि खिडकी कापताना तडकतात. अण्णांच्या खळीने असं कधी होत नसे. त्यांनी मला दिलेली बरणी संपली. खळीची कृती वहीत होती, एकशे चाराव्या पानावर. ते पान मी रंगवून बसले आहे. हस हवं तर.

खळ करून पाठवशील?

— ताई


२४ जानेवारी
(हे पत्र टाकलं नाही.)

ताई,

हसले. इतकी हसले की घड्या घालणाऱ्या बाई हातातलं काम टाकून बघायला आल्या. चोराने चोरीच्या घराची किल्ली मालकालाच मागावी, तशी तुझी गत झाली आहे.

एकशे चाराव्या पानाची मला गरज नाही. मैदा, पाणी, चिमूटभर तुरटी, मंद आचेवर घोटायचं, आणि उतरवताना मोरचूद. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. मोरचूद म्हणजे विष. ते असलं की कसरीची कीड पुस्तकाला तोंड लावत नाही. नसलं की मैद्याची खळ म्हणजे कसरीला जेवणाचं आमंत्रण. अण्णा म्हणायचे, मोरचूद विसरणारा बाइंडर पुस्तक बांधत नाही, ताट वाढतो.

तुझ्या खळीत मी मोरचूद घालणार नाही.

वर्षभर कुणाला काही दिसणार नाही. तुझे सत्कार होतील, तू भाषणं करशील. मग एक दिवस झाडणाऱ्या बाईला भिंतीखाली पिठासारखी भुकटी दिसेल. ती झाडून टाकेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा असेल. तुझी बारा पुस्तकं आतून पोखरली जातील आणि तू बाहेरून रंग लावत बसशील. तू माझ्या बापाचा एक शब्द खाल्लास. आता तुझे सगळे खाल्ले जातील.

लिहून बरं वाटलं. हे चुलीत जाणार, आणि उद्या दुसरं पत्र लिहीन. गोड.

— चिकटी


२५ जानेवारी

प्रिय ताई,

मागच्या पत्रात मी फार तोडून बोलले. राग आला की माझी जीभ ताळ्यावर राहत नाही, तुला ठाऊकच आहे. अण्णा गेले, आता आपण दोघीच उरलो. आपणच भांडलो तर समजूत कोण घालणार?

दोन डबे पाठवते आहे. ही खळ अण्णांच्याच पद्धतीची आहे, मी स्वतः ढवळली आहे, गुठळी सापडली तर माझा कान धर. पातळ करायची तर कोमट पाणी घाल. हात आखडता घेऊ नकोस. पानं एकावर एक चिकटवतेस तिथे तर दोन थर दे. लागली तर आणखी पाठवीन, संकोच करू नकोस.

वहीची घाई नाही. तुझं मोठं काम आधी होऊ दे.

— तुझी चिकटी


२ मार्च

चिकटे,

डबे मिळाले. उघडले आणि अण्णांची इतकी आठवण झाली की तुला कल्पना यायची नाही. बराच वेळ काही न करता नुसती बघत बसले होते.

काम जोरात चाललं आहे. बारापैकी सात पुस्तकं झाली. एक जुना भूगोल आहे, त्याच्या नकाशांवर शिंप्याकडच्या चिंध्या लावल्या. एका व्याकरणाच्या पुस्तकात मी फक्त क्रियापदं उघडी ठेवली आहेत, बाकी सगळं पांढरं. तू सांगितल्याप्रमाणे दोन थर देते आहे.

आणखी दोन डबे पाठव. आणि पत्रं लिहीत जा. तुझा कागद छान असतो, मी सगळी जपून ठेवते.

— ताई


११ मार्च

प्रिय ताई,

दोन मागितलेस, तीन पाठवते आहे. तुझ्यासाठी हात कसा आखडू?

एक सुचवू? एवढं मोठं काम उघड्यावर ठेवू नका, धूळ बसेल. काचेत घट्ट बंद करून घ्या. आतली हवा आत राहिली की कागदाला बरं असतं. उद्घाटनाला मला बोलाव. आणि एक-दोन वर्षांनी पुन्हा एकदा बोलाव, तेव्हा कसं दिसतं ते मला डोळे भरून बघायचं आहे.

— तुझी चिकटी


२० जून

चिकटे,

काल वाचनालयातल्या कामाचं उद्घाटन झालं. तुला बोलावलं नाही. तू तिथे आहेसच, ते कसं ते पुढे सांगते.

मी सहा वर्षांची होते, तू पाळण्यात होतीस. कारखान्यात अण्णांची खळीची बादली होती. पांढऱ्यात किंचित निळा, पहाटेच्या आभाळासारखा रंग. मला तो इतका आवडला की बोट बुडवून चाटायला निघाले. अण्णांनी आयुष्यात मला एकदाच मारलं, ते तेव्हा. मग मला कुशीत घेऊन स्वतःच रडायला लागले. "विष आहे ते, रंगे. मोरचूद आहे त्यात." तो रंग मी पुढे आयुष्यभर मिसळत आले. माझ्या प्रत्येक कामात कुठे ना कुठे तो असतो.

तुझा डबा उघडला. आत दुधासारखं पांढरं शुभ्र.

आधी वाटलं, विसरली असेल. मग तुझं 'दोन थर दे' पुन्हा वाचलं. आणि मार्चमधलं ते 'काचेत घट्ट बंद करून घ्या' आलं तेव्हा उरलीसुरली शंकाही फिटली; कोंडलेल्या दमट हवेत कसर फोफावते, हे मलाही ठाऊक आहे. तू मोरचूद विसरली नव्हतीस. तू मला विसरली होतीस. खळ घोटण्यात तू माझ्या दहा पावलं पुढे असशील, पण रंग बघून ओळखायला घरात मीच होते, हे तुझ्या डोक्यातच आलं नाही.

तुझ्या पाचही डब्यांत मी मोरचूद मिसळलं, तो निळा येईपर्यंत. प्रमाण वहीत असेल, माझ्या डोळ्यांतही आहे. तेव्हा माझ्या पुस्तकांना काही होणार नाही. बाराव्या पुस्तकाचं शेवटचं पान मात्र तुझं आहे. पंचवीस जानेवारीचं तुझं गोड पत्र मी तिथे चिकटवलं, त्यावर पांढरा हात फिरवला आणि तीनच शब्द उघडे ठेवले: 'खळ', 'आहे', 'मी'. खळ म्हणजे चिकटवायची आणि खळ म्हणजे दुष्ट, यावर अण्णा किती हसायचे, आठवतं? अक्षर तुझं, सगळ्या गावाला दिसेल असं. वाचनालय उभं आहे तोवर.

आता वही. प्रदर्शन संपलं, वही वेगळ्या पार्सलने आजच रवाना केली आहे. शब्दाला जागले. पण ती उघडणार नाही. अण्णांनी जो डिंक घराच्या उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिला नाही, तो मी विकत आणला आणि पान न् पान बसवलं. अण्णा म्हणायचे, पुढच्याला सोडवता येईल असंच चिकटवावं. मी तसं चिकटवलेलं नाही. तुझा 'नको' त्याच्या खाली आहे. आता तूही माझ्यासारखीच बंद दारापुढे बस.

— रंगी


२२ जून

चिकटे,

परवाच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

वहीला तो डिंक लावलेला नाही. हातात बाटली घेऊन बसले होते, पण हात उचलला नाही. पहिल्यापासून तिला अण्णांचीच खळ आहे. त्यांनी दिलेल्या बरणीच्या तळाला दगड झाली होती, ती भिजवून फेटून मी त्या वहीपुरती वापरली. वरचं पांढरं म्हणजे खळीत कालवलेली खडूची पूड. खिडकी कापली ती मी मधे घातलेल्या कोऱ्या पानांना. अण्णांच्या एकाही पानाला मी कात्री लावलेली नाही. तुला परत द्यायचीच होती, जशी होती तशी.

गार पाण्यात कापसाचा बोळा पिळून घे आणि हलक्या हाताने एकेक पान सोडव. गरम पाणी वापरू नकोस, शाई जाईल. तुला हे मी सांगायला नको, पण सांगते.

मला तुला घाबरवायचं होतं, तेवढंच.

— ताई


२७ जून

ताई,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं पार्सलबरोबर परवा, दुसरं आज दुपारी. वही मी काल भिजवली.

तू लिहिलंस डिंक, मी डिंक धरून चालले. तुझ्यावर विश्वास ठेवला म्हण. त्या डिंकाला एकच उपाय असतो, कढत पाणी आणि तासभर धीर. अण्णा पुस्तकांवरच्या लेबलांच्या निळ्या शाईने लिहायचे. ती गार पाण्यात दम धरते; कढत पाण्यात धरेल की नाही, ते आधी एका कोपऱ्यावर करून बघायला हवं होतं. अण्णांनी शिकवलेली ती पहिली गोष्ट. पण मला घाई झाली होती. मला तुझ्या नाकावर टिच्चून ती वही उघडायची होती. वाचनालयाच्या दारात जाऊन ते पान सगळ्यांना दाखवायचं होतं.

वही बादलीत सोडली आणि वरच्या पानावरचं पांढरं लगेच उतरलं. 'सांगू'चं शेपूट आलं. मग 'नको' आलं. खालच्या दोन्ही रेघा आल्या. मी घड्या घालणाऱ्या बाईंना हाक मारली. त्यांनीही वाचलं, मोठ्याने वाचलं. म्हणजे साक्षीदार आहे माझ्याकडे. मग आतली पानं सुटावीत म्हणून वर झाकण ठेवलं आणि तासभर दोघी चहा पीत बसलो. इतका आनंद मला अण्णा गेल्यापासून झाला नव्हता.

झाकण काढलं तेव्हा सगळी पानं सुटी होऊन तरंगत होती. डिंकाची पानं कढत पाण्यातही एकेक हाताने सोलावी लागतात, अशी आपोआप कधी सुटत नाहीत. तेव्हाच मला कळलं की तू खोटं लिहिलंस. दोनशे बारा पानं मी दोरीवर वाळत घातली आहेत. एकावरही अक्षर नाही.

आता एक गोष्ट सांगते. जानेवारीतच सांगू शकले असते. सांगितली नाही, कारण तुला बरं वाटलं असतं. अण्णांनी 'रंगीला सांगू नको' लिहिलं आणि मी का म्हणून विचारलं. त्यांनी पुढे काही लिहिलं नाही, नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं. तुझ्या पहिल्या प्रदर्शनाची आमंत्रणपत्रिका त्यांनी खाटेसमोर स्वतःच्या हाताने चिकटवली होती, रोज सकाळी दिसेल अशी. तुझं काम थांबू नये म्हणून 'नको' होतं ते. ते बोट वहीत नव्हतं. तू कितीही पानं वाचली असतीस तरी तुला सापडलं नसतं, आणि ते फक्त माझ्याकडे होतं. आता घे.

खळ मी, हे तू भिंतीवर लावलंच आहेस. ते काढू नकोस, राहू दे. फक्त दुसऱ्या खळीचं, तुझंही नाव शेजारी लाव.

तुला सहावा डबा पाठवते आहे. खळीचा नाही, बादलीतलं पाणी त्यात भरलं आहे. सांडू नये म्हणून झाकणाला मेण लावलंय. पाणी निळं आहे. त्यात अण्णांचं मोरचूद किती आणि अण्णांची शाई किती, ते तूच बघून सांग. रंगातलं तुला कळतं.

— चिकटी